सोळावा दिवस

मुलुंड पश्चिमेच्या एका वाडीत चातुर्मासातील एका रविवारी महिला मंडळाचा आनंद मेळावा भरला होता. पर्युषण बारा दिवसांवर आले होते. सकाळी नऊ वाजता दालनाचे दार उघडले, तेव्हा बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि दाराशी छत्र्यांचा ढीग साचत होता. आत 34 टेबले मांडलेली. प्रत्येक टेबलावर पांढरी चादर, मागे एक किंवा दोन भगिनी, पुढे हाताने लिहिलेला फलक आणि त्याच्या शेजारी क्यूआर कोडचा छोटा चौकोन.

असे मेळावे आता उपनगरांना नवे राहिलेले नाहीत. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी, जेथे जेथे उपाश्रय आणि वाडी आहे, तेथे पर्युषणाआधी आणि दिवाळीआधी एखादा रविवार यासाठी राखून ठेवलेला असतो. दुकान नसलेल्या, परंतु हातात कसब असलेल्या भगिनींना एक दिवसापुरते दुकान मिळते. मुखवास, बुंदी, शेव, मुगाचे पापड, सुंठीच्या गोळ्या, सुक्या मसाल्यांची पाकिटे, पूजेच्या वाट्या, हाताने शिवलेल्या पिशव्या. एका कोपऱ्यात कच्च्या केळ्याची दाबेली आणि कांदा-बटाट्याविना केलेली पावभाजी. तिच्यासमोरची रांग कधी तुटत नाही. दाराजवळ पक्क्या पाण्याचे दोन मोठे पिंप आणि त्यांच्यावर सूचना: मेळावा सायंकाळी साडेसहाला बंद होईल. सूर्यास्त सातनंतरचा असला, तरी घरी पोहोचून चौविहार करणाऱ्यांचा विचार त्या वेळेत केलेला असतो.

डावीकडून सहाव्या टेबलावर खाखरे होते. साधे, जिऱ्याचे आणि मसाल्याचे. मेथीचे नव्हते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, म्हणून मेथीचा खाखरा या दिवसांत करायचाच नाही, हा त्या घरचा शिरस्ता. फलकावर निळ्या शाईने लिहिलेले: ‘घरी केलेले, काळमर्यादेतले खाखरे.’ टेबलाच्या एका टोकाला मात्र काही पाकिटे वेगळी रचली होती आणि त्यांच्यापुढे पुठ्ठ्याचा दुसरा तुकडा उभा केला होता. त्यावरचा मजकूर वाचून सकाळपासून अनेक जणी थबकत होत्या.

त्या पुठ्ठ्याची कथा आदल्या रात्रीची आहे.

हे कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातील. आजोबांनी तरुणपणी मशीद बंदरला धान्याच्या दलालीची पेढी चालवली. धान्याचा घाऊक बाजार वाशीला गेला, तेव्हा तेथे गाळा घेण्याइतकी रक्कम जवळ नव्हती. काही वर्षे जुन्या ओळखींवर काम चालले, मग तेही थांबले. मुलगा आज एका परिचित व्यापाऱ्याकडे पगारावर हिशेब लिहितो. नात दहावीत आहे. सूनबाईंनी चार वर्षांपूर्वी शेजारणीच्या आग्रहावरून खाखरे करून द्यायला सुरुवात केली. पुढे अन्नसुरक्षेची नोंदणी करून 14 अंकी क्रमांक मिळवला आणि पाकिटांवर छापला. आजोबांना हे फारसे रुचले नव्हते. त्यांनी विरोध केला नाही, परंतु मेळाव्याला ते कधी आले नाहीत. ज्या हातांनी पोत्यांचे सौदे केले, त्या हातांच्या घरातील सून टेबलामागे उभी राहून पाकिटे विकते, हे पाहावे लागू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि तेही त्यांनी कधी उच्चारले नव्हते.

हा मेळावा खरे तर एक आठवडा आधी व्हायचा होता. त्याच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून मायलेकींनी मिळून 18 पाकिटांचे खाखरे करून ठेवले. रविवारी आणि सोमवारी पाऊस कोसळला. वाडीच्या आवारात गुडघाभर पाणी चढले, दालनातील विजेच्या तारा भिजल्या आणि मेळावा पुढच्या रविवारवर गेल्याचा निरोप आला. ती 18 पाकिटे डब्याच्या तळाशी तशीच राहिली. उरलेली 42 सूनबाईंनी मेळाव्याच्या आधीच्या बुधवार ते शुक्रवार या तीन दिवसांत केली. शनिवारी रात्री साऱ्या पाकिटांवर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवायला त्या बसल्या. नात एकेक तारीख मोठ्याने वाचत होती. पहिली तारीख ऐकताच आजोबांनी खाटेवर बसल्या बसल्या बोटांची पेरे मोजली.

“बेटा, उद्या सोळावा दिवस.”

वाचकांना हा हिशेब ठाऊक आहेच. पक्वान्न आणि खाखरे यांची काळमर्यादा श्वेतांबर परंपरेत हिवाळ्यात 30 दिवस, उन्हाळ्यात 20 आणि चातुर्मासात 15 दिवस मानली जाते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादाही ऋतूप्रमाणे 7, 5 आणि 3 दिवसांची सांगितली आहे. आकडे पंथापंथांत निराळे असतील, तत्त्व एकच: हवेत ओल वाढली की पदार्थात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती लवकर होते, म्हणून पावसाळ्याची मर्यादा सर्वांत आखूड. कायद्याच्या दृष्टीने त्या खाखऱ्यांना काहीच झाले नव्हते. पाकिटावर दोन महिन्यांची मुदत छापलेली होती आणि खाखरे कुरकुरीत होते.

सूनबाईंच्या हातातील चिठ्ठी तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, “बाबूजी, बाजारातला खाखरा सहा-सहा महिने टिकतो असे लिहिलेले असते. तोही याच घरांत जातो. तेव्हा कोणी बोटे मोजत नाही.”

“ते मुदत लिहितात. काळमर्यादेत आहे असे लिहीत नाहीत. आपण लिहिले आहे.”

“18 पाकिटे म्हणजे 1980 रुपये होतात. सोमवारी क्लासचा हप्ता आहे.” आणि थोड्या वेळाने, आवाज न चढवता: “लाटायला तुम्ही बसत नाही, बाबूजी.”

आजोबा गप्प झाले. बोलण्यात खोटे काहीच नव्हते. त्यांचे मत एवढेच होते की ती पाकिटे नेऊच नयेत. सूनबाईंनी रात्री उशिरा निराळा निर्णय घेतला. पाकिटे न्यायची, वेगळी ठेवायची, किंमत 110 ऐवजी 80 करायची आणि समोर लिहायचे: ‘या पाकिटांना 15 दिवस उलटून गेले आहेत. ज्यांना चालते त्यांनीच घ्यावीत.’

आता या टेबलाचा हिशेब पाहू, कारण मेळाव्यात फिरणाऱ्यांपैकी फार थोडे जण तो करतात. 250 ग्रॅमचे एक पाकीट, त्यात साधारण 12 खाखरे. कणीक, तूप, मसाला, गॅस आणि पाकीट मिळून खर्च 45 रुपये. 60 पाकिटांचे 2700. टेबलाचे भाडे 800, रिक्षाचे 200. एकूण 3700. सारी पाकिटे 110 रुपयांनी गेली तर जमा 6600, म्हणजे हाती 2900. ही रक्कम पाहून पुष्कळ जण म्हणतील, एका दिवसाची मिळकत बरी आहे. परंतु ती एका दिवसाची नाही. 60 पाकिटांत 720 खाखरे. एक खाखरा लाटून, तव्यावर अर्धकच्चा शेकून, मग लाकडी दट्ट्याने दाबत मंद आचेवर कडक करायला तीन मिनिटे धरली, तरी 36 तास होतात. 2900 भागिले 36, म्हणजे ताशी सुमारे 80 रुपये. त्यात बाजारहाट, पाकिटे भरणे आणि दिवसभर उभे राहणे धरलेले नाही.

साडेदहाच्या सुमारास एक सुखवस्तू भगिनी टेबलाशी आल्या. खाखरा चाखला, पसंत केला आणि म्हणाल्या, “ताई, आपल्यातल्यांना शंभरला द्या ना.” मागणी दहा रुपयांचीच. परंतु प्रत्येक पाकिटामागे दहा रुपये सुटले तर 600 रुपये कमी होतात आणि ताशी 80 चे 64 होतात. व्यापारी घरांत वाढलेल्यांना घासाघीस वाईट वाटत नाही. तो आपल्या शिक्षणाचा भाग आहे. तरीही एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. घाऊक व्यापाऱ्याशी घासाघीस केली तर त्याच्या नफ्यातून काही सुटते. येथे नफा असा नाहीच. जे सुटते ते मजुरीतून. आणि ‘आपल्यातले’ या शब्दाने किंमत कमी का व्हावी? साधर्मिकाचा सन्मान करण्याची आपली परंपरा मोठी आहे. साधर्मिकाच्या श्रमाला पूर्ण दाम देणे हा त्या सन्मानाचा सर्वांत साधा प्रकार असावा.

सूनबाईंनी हसून नकार दिला. त्या भगिनींनी दोन पाकिटे 110 नेच घेतली. जाताना त्यांचे लक्ष पुठ्ठ्याकडे गेले. “हे कशाला लिहिले? कोणाला कळले असते?” सूनबाईंनी उत्तर दिले नाही, त्या सुटे पैसे मोजण्यात गुंतल्या होत्या.

पुठ्ठ्याचा परिणाम चांगलाच झाला असे म्हणता येणार नाही. तासाभरात तिघी-चौघी तो वाचून साऱ्या टेबलापासूनच दूर झाल्या. एकीने मैत्रिणीला हळूच सांगितले, “येथे जुना माल आहे.” खरे सांगणाऱ्याच्या वाट्याला पहिल्या प्रहरी संशयच येतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सुचवले की पुठ्ठा काढा, पाकिटे टेबलाखाली ठेवा. बारा वाजेपर्यंत ताजी पाकिटे 11 गेली होती आणि जुनी एकही नाही.

पलीकडच्या टेबलावर पालघर जिल्ह्यातील वाड्याहून आलेल्या बचत गटाच्या दोघी होत्या. मंडळाने यंदा प्रथमच बाहेरच्या गटाला बोलावले होते. वाडा कोलम तांदूळ, नाचणीचे पीठ आणि कुळीथ असा त्यांचा माल. वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरी हा तांदूळ खरोखर वाड्याचाच का, हे त्यांना प्रत्येक ग्राहकाला सांगावे लागत होते. अशा गटांमागे मोठी व्यवस्था उभी आहे. 1992 मध्ये नाबार्डने 500 गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला आणि तारणाविना दिलेले कर्ज भगिनी वेळेवर फेडतात, हे बँकांच्या हळूहळू लक्षात आले. पुढे राज्यात उमेद अभियान आले, मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरू लागले आणि दूरच्या खेड्यातील लोणचे शहरातील ग्राहकापर्यंत थेट पोहोचले. वाड्याच्या त्या दोघींनी दुपारी आपली भाकरी सोडली, पुठ्ठा वाचला आणि जुन्या पाकिटांपैकी चार घेतली. “आम्हाला चालतंय, ताई. कडक हाय ना, मग झालं.” त्यांनीही घासाघीस केली नाही. जाताना सूनबाईंनी त्यांच्याकडून दोन किलो तांदूळ घेतला, तोही सांगितलेल्या भावाने.

या साऱ्या व्यवहाराकडे पाहताना मुंबईतील आणखी एका आरंभाची आठवण होणे स्वाभाविक आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात भगिनींनी पापड लाटायला घेतले. भांडवल 80 रुपये, आणि तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तोटा आला तरी देणगी मागायची नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली, आणि त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. देणगी नको आणि उधारी फेडायची, या दोन नियमांनी त्या भगिनींचे नाते समाजाशी दयेचे न राहता व्यवहाराचे झाले. मेळाव्यातील टेबलामागे उभी असलेली प्रत्येक भगिनी नेमके हेच मागत असते. तिला मदत नको असते, ग्राहक हवा असतो.

साडेतीनच्या सुमारास पाऊस थांबला आणि दाराशी आजोबा दिसले. नात त्यांचा हात धरून होती. त्यांनी कोट घातला होता, पेढीवर जाताना घालत तसाच. ते सरळ टेबलाशी आले नाहीत. प्रथम सारे दालन फिरले. एका टेबलावर सुटा मुखवास तोलला जात होता, तेथे थांबून त्यांनी काटा पाहिला. जुन्या व्यापाऱ्याची नजर पहिली काट्याकडे जाते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे कमीअधिक मापाने देणे-घेणे, आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे भेसळीचा माल खरा म्हणून खपवणे, हे दोन थेट दुकानदाराला उद्देशून आहेत. चोरी म्हणजे केवळ दुसऱ्याच्या घरात शिरणे नव्हे. ग्राहकाला जे माहीत असायला हवे ते त्याच्यापासून लपवून पैसे घेणे हीदेखील चोरीच, असा त्याचा आशय. शास्त्राने हे व्यापाऱ्यांना बजावले, कारण हातात काटा त्यांच्या होता.

आजोबा खाखऱ्यांच्या टेबलाशी आले. पुठ्ठा त्यांनी वाचला. दोनदा वाचला. काही न बोलता खुर्ची ओढून ते टेबलामागे बसले आणि खिशातून वही काढली. सूनबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाण्याचा पेला पुढे केला.

चार वाजता एक वयोवृद्ध श्राविका आल्या. त्यांची यंदा अठ्ठाई करण्याची भावना होती; सोबत सून होती. पुठ्ठा त्यांनी चष्मा सावरून वाचला आणि विचारले, “हे कोणी लिहिले?”

“मीच, मावशी.”

“मग बाकीच्यांची तारीख मला विचारायला नको.” त्यांनी ताजी सहा पाकिटे घेतली. मग सुनेला पत्ता लिहून घ्यायला सांगून पारण्यासाठी 20 पाकिटांची मागणी नोंदवली. आगाऊ रक्कम देऊ लागल्या, तेव्हा सूनबाईंनी अर्धीच घेतली.

त्यांच्यामागून आलेल्या दोघींनी तो संवाद ऐकला होता. मेळाव्यातील बातमी टेबलाटेबलाने सरकते. सकाळी ‘जुना माल’ म्हणून सरकलेली बातमी दुपारी दुसऱ्या शब्दांत परत आली. साडेपाचपर्यंत ताजी 42 पाकिटे संपली. जुन्यांपैकी 11 गेली. काही तरुण भगिनी म्हणाल्या, आम्ही एवढे पाळत नाही, पण सांगितलेत हे बरे केलेत. सात उरली.

साडेसहाला दिवे मंदावले. चादरी घड्या होऊ लागल्या. आजोबांनी वहीत जमा आणि नावे अशा दोन बाजू पाडल्या. ताजी 42, दर 110, रुपये 4620. जुनी 11, दर 80, रुपये 880. जमा 5500. नावे 3700. शिल्लक 1800. पारण्याची आगाऊ रक्कम त्यांनी यात धरली नाही. माल दिल्याशिवाय ती आपली नव्हे. पावसाने मेळावा लांबला नसता तर 2900 हाती आले असते. 1100 रुपयांचा फरक कोठे लिहावा, याचा ते क्षणभर विचार करीत होते. मग जुन्या पेढीच्या सवयीने ते म्हणाले, “हे धर्मादाय खाती टाकतो.”

“नको, बाबूजी. घट म्हणूनच लिहा. पुन्हा कधी मेळावा लांबला तर पाकिटे लगेच शेजारी विकायची, हे लक्षात राहील.”

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि ‘घट 1100’ असे लिहून खाली रेघ ओढली. क्लासच्या हप्त्याला 1200 कमी पडत होते. ते मुलाच्या पगारातून काढायचे ठरले आणि गॅसचा दुसरा बाटला पुढच्या महिन्यावर गेला.

असे मेळावे येत्या दिवाळीआधी पुन्हा भरतील. तेथे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळल्या तरी पुरे. सांगितलेली किंमत द्यावी, आणि पदार्थ कधी केला हे जरूर विचारावे. प्रश्न विचारणारा ग्राहक असला की खरे सांगणाऱ्याला तोटा होत नाही. न विचारणाऱ्यांमुळेच खरे आणि खोटे एकाच भावाने विकले जाते.

त्या रात्री उरलेल्या सातांपैकी एक पाकीट नातीने उघडले. आजोबांनी त्यातला खाखरा घेतला नाही आणि कोणी आग्रहही केला नाही. त्यांनी भिंतीवरचे पंचांग उतरवले, पारण्याच्या दिवसापासून मागे मोजत गेले आणि लाटायला कोणत्या दिवशी बसावे, तेथे पेन्सिलने बारीक खूण केली.

“दोन दिवस धरा, बाबूजी,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “20 पाकिटे एका दिवसात होत नाहीत.”

आजोबांनी शेजारच्या चौकोनात दुसरी खूण केली.